रात्रीची एक गोळी कमी केली, डॉक्टरांना सांगू का?

प्रश्न

३६ वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस या औषधाच्या १ मिलिग्रॅमच्या कॅप्सूल सकाळी ४ आणि रात्री ४ अशा चालू होत्या. जोडीला त्याच कामासाठी मायकोफेनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. किडनी कशी चालते ते दाखवणारं क्रिॲटिनिन १.२ वर स्थिर आहे. डॉक्टरांनी टॅक्रो लेव्हल, म्हणजे या औषधाची रक्तातली पातळी, ५ ते ८ च्या दरम्यान हवी असं सांगितलं आहे, पण गेल्या पाच महिन्यांतले रिपोर्ट ६.८, ९.४, ५.१, ४.६ आणि १०.२ असे आले. सही करताना, पेला उचलताना हात थरथरतो. त्यांच्याच आठवड्यात ऑपरेशन झालेली मैत्रीण सकाळी १ आणि रात्री १ एवढंच घेते आणि तिची लेव्हल ६.५ येते. "मग मी चौपट विष का पोटात घालतेय?" असं ताई विचारतात. १०.२ चा रिपोर्ट पाहून त्यांनी आपणच रात्रीची एक कॅप्सूल कमी केली. त्याला तीन आठवडे झाले. डॉक्टरांना माहीत नाही. पुढची तपासणी आठ दिवसांवर आहे.

त्यांचे प्रश्न असे: डॉक्टरांना सांगू, की रिपोर्ट चांगला आला तर गप्प बसू? चार महिन्यांपूर्वी दुकानदारानं दुसऱ्या कंपनीच्या कॅप्सूल दिल्या, त्यामुळे हे होत असेल का? दिवसातून एकदाच घ्यायची गोळी मागू का?

उत्तर

ताई, सांगा. आणि त्यासाठी आठ दिवस थांबू नका, ट्रान्सप्लांट युनिटला आजच फोन करा. ओरडा बसेल ही धास्ती समजते, पण इथे मुद्दा आज्ञा मोडल्याचा नाहीच. साधं गणित पाहा. ८ वरून ७ मिलिग्रॅम म्हणजे साडेबारा टक्के कपात. तुमच्या पाच रिपोर्टांची सरासरी ७.२ येते, म्हणजे कपातीनंतर ती ६.३ च्या आसपास यावी. पण तुमची लेव्हल तर ४.६ ते १०.२ एवढ्या मोठ्या पट्ट्यात हेलकावे खाते आहे. या हेलकाव्यांत एका कॅप्सूलचा फरक बुडून जातो. पुढचा रिपोर्ट ४.८ आला काय आणि ८.५ आला काय, तुमची कपात बरोबर होती की चूक हे त्यावरून कळणार नाही.

डॉक्टरांच्या कागदावर मात्र ८ मिलिग्रॅम आहे. ४.८ आला तर "८ वर एवढीच येते" असं समजून ते ९ करतील. मग तुम्ही ९ घ्याल, ८ घ्याल की ७ वरच राहाल? रिपोर्ट चांगला आला तर गप्प बसायचा विचार जास्त धोक्याचा आहे, कारण तो चांगला आकडा ८ मिलिग्रॅमच्या नावावर जमा होईल. पुढे कधी तुम्ही तापानं अॅडमिट झालात, तर तिथले डॉक्टर कागद पाहून पूर्ण ८ देतील.

फोनवर एवढंच सांगा: "अमुक तारखेपासून मी सकाळी ४ आणि रात्री ३ घेतेय, हात थरथरतात म्हणून. पुढची लेव्हल या डोसवरची असेल." आणि तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत घाबरून परत ४ वर जाऊ नका. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी नव्या जागी स्थिर व्हायला किमान तीन दिवस लागतात, अनेकांना त्याहून जास्त. मधेच रक्त दिलंत तर जुना आणि नवा डोस मिसळलेला आकडा हाती येईल. कदाचित डॉक्टर ७ च ठेवतील. निर्णय काहीही होवो, तो खऱ्या आकड्यावर व्हायला हवा.

आता मैत्रिणीशी केलेली तुलना. पोटात गेलेले मिलिग्रॅम म्हणजे शरीरात पोचलेलं औषध, असं तुम्ही धरून चालला आहात. बऱ्याच औषधांना हे ढोबळमानानं लागू पडतं, टॅक्रोलिमसला अजिबात पडत नाही. तोंडावाटे घेतलेल्या डोसपैकी सरासरी चौथा हिस्साच रक्तापर्यंत पोचतो, आणि माणसामाणसांत हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत मोजलं गेलं आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये सीवायपी३ए४ आणि सीवायपी३ए५ नावाची एन्झाइम असतात, ती औषध तिथेच मोडतात. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप आत शिरलेलं औषध परत आतड्याच्या पोकळीत फेकतो. यातून वाचलेलं यकृतात जातं, तिथे हीच एन्झाइम पुन्हा वाट पाहत असतात. सीवायपी३ए५ चं जनुक काहींच्यात चालू असतं, काहींच्यात बंद. ज्यांच्यात ते चालू असतं त्यांना तेवढ्याच लेव्हलसाठी साधारण दीड ते दोन पट डोस लागतो.

लेव्हलला दिवसाच्या एकूण डोसनं भागून पाहा. तुमचे ७.२ भागिले ८ म्हणजे ०.९. मैत्रिणीचे ६.५ भागिले २ म्हणजे सव्वातीन. ट्रान्सप्लांटच्या अभ्यासांत हे गुणोत्तर १.०५ च्या खाली असलेल्यांना 'वेगानं औषध मोडणारे' म्हणतात. तुम्ही त्यांपैकी दिसता, मैत्रीण दुसऱ्या टोकाला आहे. तुमची लेव्हल आणि तिची लेव्हल जवळपास सारखी आहे, म्हणजे चौपट औषध तुमच्या रक्तात साचलेलं नाही. तिचा डोस तुम्ही घेतलात तर किडनी हातची जाऊ शकते.

तरीही तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते रिपोर्टमध्ये दिसत नाही. रिपोर्टमधला आकडा ट्रफ असतो, म्हणजे पुढचा डोस घेण्याआधीची सर्वांत खालची पातळी. गोळी घेतल्यावर १ ते ३ तासांत पातळी शिखर गाठते, ते शिखर कोणी रोज मोजत नाही. वेगानं औषध मोडणाऱ्यांना तोच ट्रफ राखायला मोठा डोस लागतो, त्यामुळे त्यांचं शिखर उंच जातं. थरथर अनेकदा त्या शिखराशी जोडलेली असते. एक करा: आठवडाभर थरथर किती वाजता वाढते ते लिहा. सकाळची गोळी घेतल्यावर दोनेक तासांनी वाढून दुपारपर्यंत ओसरत असेल, तर डॉक्टरांसाठी ही फार उपयोगी माहिती आहे. दिवसभर सारखीच असेल तर थायरॉइड, मॅग्नेशियम आणि साखर यांकडेही पाहावं लागेल. टॅक्रोलिमस मॅग्नेशियम कमी करतं आणि पोटॅशियम वाढवतं, हे विसरू नका.

आता तुमच्या हेलकाव्यांकडे वळू. तुम्ही पत्रात जाता जाता तीन गोष्टी लिहिल्या आहेत, माझ्या मते अख्ख्या पत्रात त्याच सर्वांत मोलाच्या आहेत. ९.४ आली त्याच्या आदल्या रात्री गोळी ११ वाजता घेतली होती आणि रक्त साडेआठला दिलं. ४.६ च्या वेळी रात्रीची गोळी ७ वाजताच झाली होती आणि लॅबमध्ये गर्दी असल्यानं रक्त द्यायला ११ वाजले. १०.२ च्या आधी तीन दिवस जुलाब होते.

ट्रफ म्हणजे डोसनंतर १२ तासांनी घेतलेलं रक्त. तुमचं एक रक्त साडेनऊ तासांनी घेतलं गेलं, एक सोळा तासांनी. ट्रान्सप्लांट रुग्णांत या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, सरासरी १२ तास किंवा त्याहून जास्त असतो. १२ तास धरून ढोबळ हिशेब केला, तर ९.४ ही बाराव्या तासाला ८.१ च्या आसपास असती आणि ४.६ ही ५.८ च्या आसपास. हा हिशेब अंदाजाचाच आहे, त्यावर डोस ठरवू नये. पण त्यातून काय दिसतं पाहा. तुमच्या पाच मूळ आकड्यांचं चढउताराचं प्रमाण, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, ३५ टक्के येतं. वेळ दुरुस्त केली आणि जुलाबाच्या दिवसांतला आकडा बाजूला ठेवला तर ते २० टक्क्यांवर येतं.

हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर राहणाऱ्या रुग्णांत रिजेक्शन (शरीरानं नवी किडनी नाकारणं), दात्याच्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार होणं आणि किडनी लवकर निकामी होणं जास्त आढळतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून हेलकावे गंभीरपणे घ्यायलाच हवेत. पण तुमच्या बाबतीत मोठा हिस्सा घड्याळाचा आहे असं दिसतं, आणि घड्याळ सुधारता येतं.

जुलाबाबद्दल बहुतेकांचा उलटा समज असतो. जुलाबात औषध वाहून जाईल, लेव्हल पडेल असं वाटतं. टॅक्रोलिमसची लेव्हल जुलाबात बहुधा वाढते. आतड्याचं अस्तर दुखावतं, तिथली एन्झाइम आणि पंप काम कमी करतात, त्यामुळे एरवी तिथेच मोडलं जाणारं औषध आत शिरतं. त्यात पाणी कमी झालेलं, म्हणजे किडनीवर दुहेरी ताण. म्हणून दोन दिवसांहून जास्त जुलाब झाले तर युनिटला कळवा आणि लेव्हल करून घ्या. डोस आपण कमी करू नका, कारण जुलाब थांबले की काही दिवसांत लेव्हल खाली येते. तुमची १०.२ ही अशीच तात्पुरती चढलेली असण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे कायमची कपात तुम्ही एका तात्पुरत्या आकड्यावरून केलीत.

तपासणीच्या दिवशी काय करायचं ते आता नेमकं सांगणं आवश्यक आहे. आधीचे किमान पाच ते सात दिवस दोन्ही डोस बारा तासांच्या अंतरानं, ठरल्या वेळी घ्या. समजा लॅब सकाळी ८ ला रक्त घेते, तर आदल्या रात्रीची गोळी ८ वाजता. अर्धा तास इकडेतिकडे चालेल. सकाळची गोळी घरी घेऊ नका, सोबत न्या आणि रक्त दिल्याबरोबर घ्या. सवयीनं घरी घेऊन गेलात तर आकडा शिखराजवळचा येईल. तसं झालंच, तर लपवू नका, रक्त दुसऱ्या दिवशी द्या. फॉर्मवर शेवटच्या गोळीची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ दोन्ही लिहायला सांगा. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये जायला हवं, कारण टॅक्रोलिमस बहुतांशी तांबड्या पेशींमध्ये बसलेलं असतं आणि ते संपूर्ण रक्तातच मोजतात. याच कारणानं हिमोग्लोबिन खूप कमी असलेल्या माणसाची लेव्हल कमी दिसते, जरी मोकळं, काम करणारं औषध तेवढंच असलं तरी. लेव्हलचा रिपोर्ट नेहमी हिमोग्लोबिनसोबत वाचावा.

लॅबही शक्यतो बदलू नका. काही लॅब इम्युनोअॅसे पद्धत वापरतात, काही मास स्पेक्ट्रोमेट्री. इम्युनोअॅसेमध्ये औषधाचे मोडलेले तुकडेही थोडे मोजले जातात, त्यामुळे तोच नमुना तिथे जास्त दिसू शकतो. पद्धतीचं नाव रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. तुमचे पाचही रिपोर्ट काढून ते तपासा.

जेवणाचंही तसंच. निरोगी माणसांवरच्या चाचणीत, भरपूर स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घेतल्यावर टॅक्रोलिमसचं एकूण शोषण ३७ टक्क्यांनी आणि शिखर ७७ टक्क्यांनी घटलं. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन ते तीन तासांनी घेणं उत्तम. ते जमत नसेल तर निदान रोज एकाच पद्धतीनं घ्या. कधी रिकाम्या पोटी, कधी भरल्या पोटी, हे सर्वांत वाईट. ग्रेपफ्रूट आणि पपनस पूर्ण बंद. ते आतड्यातलं एन्झाइम निकामी करतात आणि नवं एन्झाइम तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून गोळी आणि फळ यांच्यात अंतर ठेवून उपयोग नाही.

कंपनी बदलल्याचा प्रश्न. जेनेरिक, म्हणजे मूळ ब्रँडऐवजी दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं टॅक्रोलिमस मुळातच कमअस्सल असतं, हा समज सोडा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मूळ ब्रँड आणि एकमेकांपासून सर्वांत वेगळे वाटलेले दोन जेनेरिक, स्थिर किडनी आणि यकृत रुग्णांना आळीपाळीनं देऊन पाहिले. ते समतुल्य ठरले. पण त्याच देशात २०२३ साली एका जेनेरिकचं शिखर मूळ औषधापेक्षा जास्त जातं असं आढळल्यावर तिथल्या औषध नियामक एफडीएनं त्याचा समतुल्य दर्जा काढून घेतला. म्हणजे सगळे सारखे असंही नाही आणि सगळे संशयास्पद असंही नाही. खरा धोका असतो तो नकळत झालेल्या बदलाचा. ब्रिटनच्या औषध नियामकानं २०१२ सालीच, हे औषध ब्रँडच्या नावानं लिहावं आणि त्याच नावानं द्यावं असा सल्ला दिला. तुम्हीही चिठ्ठीवर ब्रँड लिहून घ्या आणि दुकानात पाकीट उघडून नाव वाचा. बदल टाळता येत नसेल तर बदलल्याची तारीख युनिटला कळवा आणि एक-दोन आठवड्यांत लेव्हल करा. तुमचे कुठले रिपोर्ट जुन्या कॅप्सूलवरचे आणि कुठले नव्या, हे तारखांवरून जुळवून डॉक्टरांना दाखवा. अर्ध्या आणि एका मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचा रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे रंग पाहून मोजू नका, आकडा वाचा.

दिवसातून एकदाची गोळी मागणं चूक नाही, उलट तुमच्यासारख्यांनी ती चर्चा करावीच. पण 'एकदाची' नावाखाली दोन वेगळी औषधं आहेत. एक सावकाश सुटणारी कॅप्सूल, जिच्यावर साधारण तेवढ्याच एकूण डोसनं जातात. दुसरी एलसीपी टॅक्रोलिमस गोळी, जी जास्त चांगली शोषली जाते, म्हणून सुरुवातच २० ते ३० टक्के कमी डोसनं करतात. हिचं शिखर बसकं असतं. थरथर होणाऱ्या किडनी रुग्णांना हिच्यावर आणून पाहिलेल्या स्ट्रॅटो नावाच्या अभ्यासात थरथर कमी झाली. तो अभ्यास छोटा होता आणि त्यात तुलनेचा गट नव्हता, तरी वेगानं औषध मोडणाऱ्या माणसाला हा पर्याय विचारण्याजोगा आहे. मात्र या तिन्ही प्रकारांची आपसांत अदलाबदल करता येत नाही. जुन्या सवयीनं एकदाची गोळी दोनदा घेतली गेल्याच्या चुका खरोखर झालेल्या आहेत. म्हणून बदल झालाच तर जुन्या कॅप्सूल घरातून काढून टाका.

जनुक तपासणीही कुणी सुचवेल. ट्रान्सप्लांटच्या आधी पहिला डोस ठरवायला तिचा उपयोग आहे. चौदा महिन्यांनंतर तुमचा डोस लेव्हलवरून सापडलेलाच आहे, त्यामुळे घाई नाही.

"कमी औषध बरं" या तुमच्या भावनेला इतिहासातही आधार आहे. हे औषध १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. ट्रान्सप्लांट सर्जन थॉमस स्टार्झल यांच्या पिट्सबर्गमधल्या पथकानं १९८९ साली ते पहिल्यांदा रुग्णांना दिलं, तेव्हाचे डोस मोठे होते आणि त्यांनी किडनी आणि मज्जासंस्थेला त्रास दिला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १,६४५ रुग्णांच्या सिम्फनी चाचणीत ३ ते ७ एवढीच लेव्हल ठेवायचं ठरवलेल्या गटाची किडनी इतर गटांपेक्षा चांगली चालली. पण त्या गटाला मायकोफेनोलेट, स्टेरॉइड आणि सुरुवातीचं अँटिबॉडी इंजेक्शन मिळालं होतं, आणि प्रत्यक्षात गाठलेली सरासरी लेव्हल पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळच राहिली. ट्रफ वारंवार ५ च्या खाली जाणाऱ्यांत अँटिबॉडी तयार होण्याचा धोका वाढतो. त्या अँटिबॉडी महिनोन्‌महिने गुपचूप काम करतात आणि क्रिॲटिनिन उशिरा वाढतं. म्हणून १.२ या आकड्यावर विसंबून कपातीला हिरवा कंदील देऊ नका.

दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर टॅक्रोलिमसचं नाव आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल यांनी लेव्हल चढते. त्यामानानं अझिथ्रोमायसिनचा परिणाम कमी. रिटोनाव्हिर असलेल्या औषधांनी ती इतकी चढते की काही रुग्णांना आठवड्यातून एखादाच छोटा डोस पुरतो. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती लेव्हल पाडतात. रिफॅम्पिसिनचा असर चढायला आणि उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून ते बंद केल्यावरही सावध राहावं लागतं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक लेव्हल बदलत नाहीत, पण टॅक्रोलिमससोबत थेट किडनीला इजा करतात. स्टेरॉइड कमी करत नेताना टॅक्रो लेव्हल हळूहळू वाढू शकते, कारण स्टेरॉइड एन्झाइमला चालना देत असतं.

हेच औषध नेफ्रोटिक सिंड्रोम किंवा ल्युपसमधल्या किडनीच्या आजारासाठी घेणाऱ्यांना वेळ, जेवण आणि इतर औषधं यांचे हेच नियम लागू आहेत, फक्त हवी ती लेव्हल डॉक्टर वेगळी ठरवतात. एक्झिमासाठी ०.०३ किंवा ०.१ टक्क्याचं मलम लावणाऱ्यांना सहसा लेव्हल करावी लागत नाही, कारण त्वचेतून रक्तात जाणारं औषध अगदी थोडं असतं. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी इथले आकडे स्वतःला लावू नयेत.

आणि ताई, यातलं काही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही: गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी, दोन डोस चुकणं, लघवी कमी होणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं, ताप. चुकलेला डोस काही तासांतच आठवला तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर युनिटला विचारा, दोन्ही एकत्र कधीच घेऊ नका. तीव्र डोकेदुखीसोबत दिसायला धूसर झालं, गोंधळल्यासारखं वाटलं किंवा झटका आला, तर फोन करत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की मी टॅक्रोलिमस घेते, आणि खरोखर किती घेते.